अण्णांचा चौदा बटणांचा रिमोट

"टीव्ही परत निळा झालाय गं." संध्याकाळी साडेसातच्या सुमारास अण्णांचा असा फोन यायचा. मी पुण्यात, ते साताऱ्यात. मी सांगायला सुरुवात करायचे, अण्णा, काळा लांब रिमोट घ्या, वरून दुसऱ्या ओळीत उजवीकडे... आणि मधेच थांबायचे. दुसरी ओळ, उजवीकडे हे सगळं दिसणाऱ्या माणसाला सांगायचं. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजत गेलाय. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं पुसल्यासारखं होतं. टीव्हीपासून अडीच फुटांवर खुर्ची ओढून, मान थोडी डावीकडे वळवून ते मॅच बघतात. चेंडू दिसत नाही, पण बॅट कशी फिरली त्यावरून फटका ओळखतात. रिमोटवरची अक्षरं मात्र त्यांना आता अजिबात लागत नाहीत.

एप्रिलपासून फोन कमी झाले. मला वाटलं, जमायला लागलं. मे महिन्यात घरी गेले आणि टीव्हीवरून सहज हात फिरवला तर पडद्यावर बोटांच्या रेघा उठल्या, इतकी धूळ.

"लावतच नाही मी हल्ली," अण्णा म्हणाले. "दरवेळी तुला कशाला कामातून उठवायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. बातम्या, मॅच, सह्याद्रीवरचं एखादं जुनं गाणं, एकट्या माणसाची संध्याकाळ यावरच तर जाते. आणि ती अडली होती कशावर, तर हातात मावणाऱ्या प्लास्टिकच्या एका वस्तूवर.

सकाळी टीपॉयवर पाच रिमोट ओळीने मांडले. टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा, साउंडबारचा, टीव्हीला खोचून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या स्टिकचा आणि छताच्या पंख्याचा. साउंडबार मीच आणला होता, बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून. स्टिक माझ्या मुलीने लावून दिली होती. पंखा नव्या जातीचा, कमी वीज खाणारा, त्याला भिंतीवर रेग्युलेटरच नाही. प्रत्येक वस्तू आम्ही मायेने आणली आणि प्रत्येकीबरोबर एक रिमोट घरात आला. आई होती तोवर हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सगळे रिमोट तिच्या उशाशी असायचे आणि अण्णा नुसतं "जरा मॅच लाव" म्हणायचे.

इथे अण्णांच्या हातांबद्दल सांगायला हवं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी ३१ वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. इंजिनाच्या मागे, जिथे डोळा पोचतच नाही, तिथे नुसत्या बोटांनी नट चाचपून चढवायचा, आटे बरोबर बसले की नाही ते बोटालाच कळायचं. अशा माणसाला रिमोट चालवता येत नाही हे म्हणणं मला पटेना. रिमोट त्यांच्या हाताला कळेल असा नव्हता, एवढंच. पाचही रिमोट अंधारात हातात घेऊन बघितले. बॉक्सचा आणि टीव्हीचा जवळपास सारख्याच लांबीचे. साउंडबारचा आणि स्टिकचा दोन्ही बोटभर, गुळगुळीत. मलाही नीट ओळखता येईनात.

निळ्या पडद्याचं कारण तेव्हा सापडलं. आवाज वाढवायला म्हणून अण्णा साउंडबारचा रिमोट उचलायचे आणि हातात यायचा स्टिकचा. त्यावरचं कुठलंही बटण दाबलं की स्टिक जागी व्हायची आणि टीव्हीला सांगायची, माझं चित्र दाखव. एचडीएमआयच्या वायरीतून उपकरणं एकमेकांना असे निरोप पाठवू शकतात. त्या सोयीला सीईसी म्हणतात. प्रत्येक टीव्ही कंपनीने तिला स्वतःचं नाव दिलंय, सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. चित्र स्टिकवर गेलं की अण्णा घाबरून टीव्हीच्या रिमोटवर काहीतरी दाबायचे, त्यात इनपुटचं बटण लागायचं आणि गाडी जिथे वायरच नाही अशा तिसऱ्याच एचडीएमआयवर जाऊन थांबायची. तिथे निळा पडदा.

स्टिक काढून मुलीच्या बॅगेत टाकली. एक रिमोट तिथेच कमी झाला. सीईसी मात्र ठेवलं, कारण त्याचाच दुसरा उपयोग होता. साउंडबारची वायर टीव्हीच्या ज्या भोकावर एआरसी लिहिलेलं असतं त्यात गेली की टीव्ही चालू होताच साउंडबारही उठतो आणि टीव्हीबरोबरच झोपतो. म्हणजे साउंडबारच्या चालू-बंदसाठी वेगळं बटण लागणार नव्हतं. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये "चालू झाल्यावर कुठलं इनपुट" असा पर्याय होता, तिथे बॉक्सचं एचडीएमआय कायमचं नेमून टाकलं. नवीन रिमोट शोधायला निघण्याआधी ही दोन कामं करावीत असं मी आता सगळ्यांना सांगते. निम्मा गुंता सेटिंगमध्येच सुटतो.

मग एक रविवार मी नुसती त्यांच्या शेजारी बसले, वही घेऊन. म्हटलं, तुम्हाला हवं ते मला सांगू नका, स्वतः करा, मी फक्त लिहिते. माझी अपेक्षा होती की ते चॅनेल पुढे-मागे करत जातील. तसं एकदाही झालं नाही. अण्णा नंबर लावतात. बातम्यांचा नंबर, सह्याद्रीचा नंबर, आमच्या बॉक्सवर क्रिकेटचा ११५. गाड्यांचे नंबर आयुष्यभर तोंडपाठ ठेवलेला माणूस चॅनेलचे नंबर कसा विसरेल? दिवसाअखेर वहीत एवढंच होतं: शून्य ते नऊ आकडे, आवाज कमी, आवाज जास्त, टीव्ही चालू-बंद, बॉक्स चालू-बंद. बॉक्सचं बटण लागायचंच, कारण झोपताना अण्णा भिंतीवरचं मेन बटण बंद करतात आणि सकाळी बॉक्स झोपलेल्या अवस्थेत उठतो. एकूण चौदा बटणं. टीपॉयवरच्या रिमोटांवर मिळून ती दीडशेच्या आसपास होती.

ही वही केली नसती तर मी चुकीचीच वस्तू आणली असती. वयस्कर माणसांसाठी म्हणून जे रिमोट विकतात त्यात सहा-सात मोठी बटणं असतात, चॅनेल पुढे, चॅनेल मागे, आवाज, बस. ज्यांना तसं बघायची सवय आहे त्यांना ते उत्तम. अण्णांना ११५ वर जायला शंभर वेळा बटण दाबावं लागलं असतं.

पर्याय तसे बरेच होते. माझ्या फोनमध्ये वरच्या कडेला इन्फ्रारेडचा, म्हणजे रिमोट ज्या न दिसणाऱ्या प्रकाशाने आज्ञा पाठवतात त्याचा, दिवा आहे, त्यातलं ॲप टीव्ही चालवतं. पण काचेवर बोटाला काय लागणार? ते लगेच बाद. दुसरा पर्याय वायफायच्या छोट्या डबीचा. ती इंटरनेटवरून आज्ञा घेते आणि खोलीभर इन्फ्रारेड सोडते, बोलूनही चालवता येते. माझी भाची पुण्यात तेच वापरते आणि छान चालतं. पण साताऱ्याच्या घरी पावसाळ्यात लाइट गेली की राउटर बसतो, आणि अण्णांनी आज्ञा देऊन यंत्राने ऐकली नाही की ते पुन्हा विचारणार नाहीत, हे मला माहीत आहे. तिसरा पर्याय, लॉजिटेकचे हार्मनी रिमोट. एक बटण दाबलं की सगळी उपकरणं क्रमाने लावणारे म्हणून त्यांचं नाव फार होतं, पण कंपनीने २०२१ मध्ये ते बनवणंच थांबवलं. उरले दोन प्रकार. एक शिकणारा रिमोट, म्हणजे जुन्या रिमोटसमोर धरून एकेक बटण शिकवायचा. दुसरा कोडवाला, ज्याच्या पोटात कंपन्यांचे कोड आधीच भरलेले असतात. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यानेही १९८७ मध्ये घरातल्या सगळ्या रिमोटचं काम करणारा असा एक शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. म्हणजे टीपॉयवरची ही गर्दी काही आजची नाही.

मी ऑनलाइन मोठ्या बटणांचा, आकडे असलेला, फक्त शिकणारा रिमोट मागवला. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर टीपॉयवर बसून शिकवायला घेतला. पहिला तासभर काहीच नीट होईना. एक आकडा शिकायचा, पुढचा शिकल्यासारखं दाखवायचा आणि बॉक्ससमोर धरला की काहीच नाही. नवीन सेल घातले. जुन्या रिमोटचा दिवा लागतो की नाही ते फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघितलं. डोळ्याला न दिसणारा तो प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, पण कॅमेऱ्यात जांभळट पांढरा ठिपका लुकलुकताना दिसतो. ठिपका व्यवस्थित होता. मग लक्षात आलं, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट टीपॉयवर पडत होतं. उन्हातही इन्फ्रारेड असतंच. टीव्हीच्या आत रिमोटचा प्रकाश टिपणारा जो ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, असतो तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाकडेच लक्ष देतो, म्हणून तो सहसा ऊन आणि दिव्यांनी फसत नाही. शिकणाऱ्या रिमोटला मात्र समोर येईल ते जसंच्या तसं टिपायचं असतं, त्यामुळे तो जास्त बिथरतो. माजघरात जाऊन दार लावलं, अंधार केला, आणि दहाही आकडे पहिल्या फटक्यात शिकला.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना फार रस वाटला. मग मी त्यांना वाचून दाखवलं, की १९५५ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या युजीन पॉलीने टॉर्चसारखा रिमोट काढला होता. टीव्हीच्या चार कोपऱ्यांवर प्रकाश मारायचा, प्रत्येक कोपऱ्याचं काम वेगळं. त्याला उन्हाचाच त्रास झाला. खिडकीतून ऊन आलं की चॅनेल आपोआप बदलायचं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतल्या रॉबर्ट ॲडलरने प्रकाश सोडून आवाज धरला. रिमोटच्या आत ॲल्युमिनियमच्या चार कांड्या, बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर बसायची आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा सूर निघायचा. सेल नाही, वायर नाही.

"म्हणजे घंटाच की ती," अण्णा म्हणाले. "आणि बटणं किती?"

"चार."

"चारात भागत होतं बघ." त्यांनी हातातला रिमोट उलटसुलट केला. बराच वेळ ते त्या कांड्यांच्या लांबीबद्दल विचारत राहिले.

पण तो रिमोट चालला नाही. संध्याकाळी अण्णांनी ११५ लावला आणि पडद्यावर आलं १५. पुन्हा लावला, पुन्हा १५. बाकीचे नंबर बरोबर लागत होते. २०७ लागतो, ३४८ लागतो, ११५ लागत नाही. मी एकचा आकडा पुन्हा शिकवला, तीनदा शिकवला. नाहीच. दोन एकांमध्ये चार सेकंद थांबलं तर बॉक्स पहिल्या एकालाच चॅनेल समजून तिकडे जायचा. अण्णा काही बोलले नाहीत, नुसता रिमोट टीपॉयवर ठेवला. त्या ठेवण्याने मला जास्त लागलं.

सोमवारी रजा काढून मी तपकीर गल्लीत गेले. पुण्यात बुधवार पेठेतली ही गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सची कुठलीही बारीकसारीक वस्तू हवी असली की माणूस इथेच येतो. रिमोटच्या दुकानात भिंतभर खिळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्यांतून रिमोट लटकलेले, तळापासून छतापर्यंत. मी अडचण सांगितली तर काउंटरवरच्या काकांनी मान हलवली आणि आतल्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे एक मुलगा दुरुस्ती करत बसला होता.

"एकसारखे दोन आकडे लागत नाहीत ना ताई? दोन दोन, पाच पाच पण नाही लागणार. टॉगल आहे तो."

त्याने तीन पायांचा एक काळा ग्राहक, टीएसओपी १७३८, लॅपटॉपला जोडलेला होता. माझ्याजवळ बॉक्सचा मूळ रिमोट होता, त्याचा एक दोनदा दाबला. पडद्यावर शून्य आणि एकांच्या दोन ओळी उमटल्या. त्याने बोट ठेवून दाखवलं. दोन्ही ओळी सारख्या, फक्त तिसऱ्या जागी पहिल्या ओळीत शून्य, दुसऱ्या ओळीत एक.

रिमोटने आज्ञा कशी पाठवायची याची फिलिप्सने ठरवलेली आरसी-५ नावाची एक पद्धत आहे. एका आज्ञेत १४ बिट्स, म्हणजे शून्य किंवा एकाच्या चौदा जागा, आधीचे दोन सुरुवातीचे, मग हा टॉगल, मग पाच उपकरणाचा पत्ता सांगणारे, शेवटचे सहा बटणाचे. बटण नव्याने दाबलं की टॉगल उलटा होतो. बटण दाबूनच धरलं असेल तर तो तसाच राहतो. त्यावरून समोरच्या यंत्राला कळतं की हे नवीन दाबणं आहे की जुनंच चालू आहे. आमच्या बॉक्सची भाषा त्याच कुळातली. माझ्या शिकाऊ रिमोटने एकदा जे ऐकलं तेच तो दरवेळी जसंच्या तसं म्हणत होता, टॉगल उलटायचं त्याला कळतच नव्हतं. पहिला एक गेला, दुसरा एक गेला, आणि बॉक्सला वाटलं, अजून पहिलाच दाबून धरलाय. म्हणून तो एकच एक मोजायचा.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. दोन दिवस मी समजत होते की माझंच काहीतरी चुकतंय, आणि अण्णा समजत होते त्यांचं. दोघांचंही नव्हतं.

"मग आता?"

"नुसता शिकणारा घेऊ नका. आकड्यांसाठी बॉक्सचाच कोड पोटात असलेला घ्या, आणि टीव्हीपुरता शिकणारा. असा रिमोट तर अडीचशेला मिळतो."

त्याने खिळ्यावरून काढून दिलेला रिमोट म्हणजे आमच्याच बॉक्सचा कंपॅटिबल, मूळ रिमोटऐवजी चालणारा होता, त्याच्या वरच्या बाजूला एक चौकट आखलेली आणि तिच्यात पाच बटणं: सेट, टीव्हीचा पॉवर, आवाजाची दोन आणि एव्ही, म्हणजे इनपुट बदलायचं. सेट सोडून बाकीची चार शिकणारी. खाली बॉक्सचं सगळं जसंच्या तसं. केबल आणि डीटीएचच्या कितीतरी रिमोटवर ही चौकट असते. घरोघरी ती असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. दुकानातल्या बॉक्सवर मी अकरा, बावीस, एकशे अकरा असे सगळे आकडे लावून बघितले. लागले.

शिकवणं आता दहा मिनिटांचं काम होतं, अंधाऱ्या माजघरातच केलं. सेट बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं, लाल दिवा स्थिर लागतो. मग ज्या बटणाला शिकवायचं ते दाबायचं, दिवा लुकलुकायला लागतो. दोन्ही रिमोट नाकाला नाक लावल्यासारखे समोरासमोर, मध्ये दोन बोटांचं अंतर, आणि मूळ रिमोटवरचं बटण दाबायचं. दिवा भराभर लुकलुकला की शिकला. शेवटी पुन्हा सेट. पॉवरचं बटण मी टीव्हीच्या रिमोटवरून शिकवलं आणि आवाजाची दोन्ही साउंडबारच्या रिमोटवरून. चौकटीवर टीव्ही लिहिलंय म्हणून टीव्हीचंच शिकवावं असं काही नाही, रिमोटला त्यातलं काही कळत नाही. आवाजाचं पहिल्यांदा जरा बिनसलं, एकदा दाबलं की आवाज पाच घरं चढायचा. मी शिकवताना मूळ बटण जास्त वेळ दाबून धरलं होतं आणि ते पुन्हा पुन्हा पाठवलेलं सगळं त्याने एकत्र टिपलं होतं. टिचकी मारल्यासारखं दाबून पुन्हा शिकवलं, मग एकेक घर चढायला लागला.

आता उरली बाकीची तीस-एक बटणं, ज्यांची अण्णांना गरज नव्हती आणि भीती होती. नुसती वरून झाकून उपयोग नाही, कारण रबरी बटणं वर आलेली असतात, मूठ आवळली की झाकणाखालीही दाबली जातात. म्हणून रिमोट उघडला. सेलच्या खणातला एक स्क्रू काढला, कडेच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवून खटखट करत कवच सोडवलं. आत हिरवी पट्टी, तिच्यावर प्रत्येक बटणासाठी काळ्या रेघांची दोन कंगव्यांसारखी एकमेकांत घुसलेली बोटं. रबराच्या पोटाला कार्बनची काळी टिकली असते, ती या कंगव्यांवर टेकली की बटण लागतं. नको असलेल्या प्रत्येक कंगव्यावर मी साध्या चिकटपट्टीचा छोटा चौकोन लावला. मेनू, गाइड, लाल-हिरवी-पिवळी-निळी बटणं, एव्ही आणि सगळ्यात शेवटी सेट. ही बटणं आता कितीही दाबा, काही होत नाही. चिकटपट्टी काढली की पुन्हा जिवंत. रिमोटचं काही बिघडत नाही.

कवच बसवून रिमोट अण्णांच्या हातात दिला आणि सांगितलं, आता चौदाच बटणं चालतात. त्यांनी अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला. दोनदा फिरवला.

"चालतात चौदा, पण हाताला चव्वेचाळीसच लागतात."

मग ते उठले, माळ्याखालची त्यांची पत्र्याची पेटी ओढली आणि चाचपून पॅकिंगच्या कागदाचा तुकडा काढला. इंजिनाचे दोन भाग जिथे जोडतात तिथे तेल झिरपू नये म्हणून घालतात तो जाडसर, राखाडी कागद. नवीन पॅकिंग मिळालं नाही की वर्कशॉपमध्ये ते हातानेच कापायचे. भागावर कागद ठेवायचा, गोल डोक्याच्या हातोडीने कडांवर हलके टोले द्यायचे, भोकांच्या कडा कागदावर उमटतात, तिथे पंचाने पाडायचं. लहानपणी डेपोत डबा द्यायला गेल्यावर मी ते बघितलं होतं.

ओट्यावर बसून त्यांनी कागद रिमोटवर ठेवला. इथे हातोडी चालणार नव्हती, खाली रबर होतं. म्हणून अंगठ्याने दाबत दाबत गेले. प्रत्येक बटणाचा उंचवटा कागदाला मागून आला. मी नुसती सांगत होते, हा एक, हा दोन, हा नको. मला वाटलं मी पेन्सिलने खुणा करून द्याव्यात. त्यांना गरज नव्हती. उंचवट्यावर डाव्या हाताचं बोट ठेवायचं, बोटाच्या कडेला पंच टेकवायचा, बोट काढायचं, एक टोला. खाली लाकडाचा ठोकळा. चौदा टोल्यांत चौदा गोल टिकल्या ओट्यावर पडल्या. एकच भोक जरा तिरकं गेलं, सातचं. तेही त्यांनी कानशीच्या शेपटाने घासून सरळ केलं. डोळे पूर्ण वेळ समोरच्या जास्वंदीकडे होते.

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने कागद बसवला. पाचच्या बटणावर एमसीलचा तीळभर कण लावला, जुन्या फोनवर असायचा तसा, म्हणजे पाच सापडला की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. कागदाच्या सपाटीतून आता फक्त चौदाच बटणं बोटाला लागतात. अण्णांनी अंगठा एकदा वरपासून खालपर्यंत नेला, परत आणला आणि ११५ लावला. कुठलीशी जुनी मॅच पुन्हा दाखवत होते. त्यांनी मान डावीकडे वळवली.

मूळ रिमोट सेल काढून एका पिशवीत घातले आणि कपाटात ठेवले. सेल आत राहून फुटले की पांढरा खार स्प्रिंगा खातो, ते मी एकदा निस्तरलंय. पुन्हा शिकवायची वेळ आली तर मूळ रिमोट हवेतच, ते टाकून द्यायचे नाहीत. कुठलं बटण कशावरून शिकवलं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, शेजारच्या वहिनींना दाखवूनही ठेवलं.

पुढच्या दोन महिन्यांत निळ्या पडद्याचा फोन एकदाही आला नाही. फोन यायचे, पण त्यात कोण बाद झालं, पाऊस किती पडला, कास पठाराच्या रस्त्याला किती गर्दी झाली हे असायचं.

गणपतीत घरी गेले तर अण्णांनी पंख्याचा रिमोट माझ्यासमोर ठेवला. रात्री गार लागलं की तो अंधारात शोधावा लागतो म्हणाले. "त्या चौकटीत एक शिकणारं बटण रिकामं आहे ना? एव्ही?"

होतं. पंख्याचाही इन्फ्रारेडच होता, म्हणजे शिकवता येणार होता. रिमोट उघडला, एव्ही आणि सेटवरची चिकटपट्टी काढली, माजघराचं दार लावलं आणि पंख्याचं चालू-बंद एव्हीला शिकवलं. सेटवर पुन्हा चिकटपट्टी. बाहेर आले तोवर अण्णा ओट्यावर ठोकळा मांडून, हातात पंच घेऊन बसले होते. मी रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला, पंधरावा उंचवटा सापडेपर्यंत.